‘सगळं तुझंच आहे’, पण ते कागदावर कुठे आहे?

पत्र

ताई, नमस्कार. आमचं लग्न २०११ मध्ये पुण्यात झालं आणि लगेच आम्ही जर्मनीत आलो. तेव्हापासून स्टुटगार्टजवळ राहतो. दोघंही अजून भारतीय नागरिक आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सात. चार वर्षांपूर्वी कर्ज काढून दोघांच्या नावावर इथे घर घेतलं. कोथरूडला यांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे. त्याचं भाडं साताऱ्याला सासूबाईंच्या खात्यात जमा होतं आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या दिरांचं नाव आहे. गावाकडे थोडी वडिलोपार्जित शेतीही आहे.

गेल्या हिवाळ्यात यांची अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत छान आहे, पण माझी झोप उडाली ती उडालीच. मृत्युपत्राचा विषय काढला की हे म्हणतात, ‘सगळं तुझंच आहे, कागद कशाला?’ दिरांना कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, तेवढं पुरे, असंही म्हणतात. इथली एक मैत्रीण सांगते की जर्मनीत नवऱ्यामागे सगळं बायकोलाच मिळतं. फार लावून धरलं आणि सासूबाईंच्या कानावर गेलं, तर ‘सून इस्टेटीवर डोळा ठेवून बसलीय’ असं त्यांना वाटेल, ही भीती आहे. खरंच काही करायला हवं का? आणि करायचं तर घरात कुणाचं मन न दुखावता कसं?

– एक वाचक

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

करायला हवं, आणि या वर्षीच करायला हवं. तुमची मैत्रीण सांगते ते खरं नाही. यजमान मनापासून बोलतात यात मला शंका नाही, पण मनातलं कायद्याला दिसत नाही. कागद नसेल तर जर्मन कायदाही ‘सगळं बायकोचं’ म्हणत नाही आणि आपला हिंदू वारसा कायदाही म्हणत नाही. तुम्हाला सासूबाईंची भीती वाटते, पण कागद नसल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं ते त्यांचंच. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण घरात विषय काढायची वाट मला तिथेच दिसते.

आधी कायदा कुठला लागणार ते पाहू. युरोपीय संघाचा वारसाहक्काचा एक नियम आहे, २०१२ चा क्रमांक ६५०. १७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागू आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून संघातले बाकी सगळे देश तो पाळतात. त्याचं म्हणणं असं की माणूस शेवटी ज्या देशात स्थायिक होता त्या देशाचा कायदा त्याच्या वारशाला लागतो. पासपोर्ट कुठला याला महत्त्व नाही. तुमचा संसार, नोकरी, मुलांची शाळा सगळं स्टुटगार्टला आहे. तेव्हा यजमानांच्या पश्चात जर्मन न्यायालय जर्मन कायदा लावणार, आणि त्याच्या दृष्टीने त्यात कोथरूडचा फ्लॅटही येतो.

पुण्यातलं न्यायालय मात्र वेगळं बोलणार. स्थावर मालमत्ता जिथे असेल तिथला कायदा, हे आपल्याकडचं तत्त्व. म्हणजे फ्लॅटला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागणार. एकाच फ्लॅटबद्दल दोन देश दोन उत्तरं देणार आणि प्रत्यक्षात पुण्यातलं उत्तर चालणार, कारण दस्त तिथे आहे, सोसायटीही तिथेच आहे.

इथलं घर

मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर जर्मन कायद्यात जोडीदाराला मूळ हिस्सा फक्त पाव. पती-पत्नींना जर्मनीची नेहमीची वैवाहिक मालमत्तेची पद्धत लागू असेल, तर त्यात आणखी पाव मिळतो आणि एकूण निम्मा होतो. ‘बायकोला निम्मं’ असं इथली माणसं म्हणतात ते यावरून. उरलेलं मुलांचं.

पण तुमचं लग्न २०११ चं, पुण्यातलं, आणि तेव्हा दोघंही भारतीय. २९ जानेवारी २०१९ च्या आधीच्या लग्नांना जर्मनीत जुना नियम लागतो, आणि तो सर्वप्रथम पाहतो की लग्नाच्या वेळी दोघांचं समान नागरिकत्व कोणतं होतं. भारतात हिंदू पती-पत्नींची सामाईक मालमत्ता अशी व्यवस्थाच नाही. नवऱ्याचं ते नवऱ्याचं, बायकोचं ते बायकोचं. त्यामुळे तो वाढीव पाव भाग आपल्याला मिळेलच, असं धरून चालू नका. आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, आणि नवरा गेल्यावर न्यायालयाच्या खिडकीपाशी कळतं.

तुमच्या घरावर हिशोब मांडते. घर दोघांच्या नावावर, म्हणजे निम्मं आजही तुमचंच. वारशाला येतं ते यजमानांचं निम्मं. वाढीव पाव मिळाला तर त्यातलं अर्धं तुम्हाला, म्हणजे एकूण घरातले तीन चतुर्थांश तुमचे आणि प्रत्येक मुलाचा एक अष्टमांश. तो नाही मिळाला आणि मूळ पावच राहिला, तर तुमचे पाच अष्टमांश आणि उरलेले तीन अष्टमांश दोन मुलांमध्ये. दोन्ही परिस्थितींत मुलं घराची मालक होतात, आणि अडचण तिथे सुरू होते. उद्या कर्ज झेपेना म्हणून घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलंत, तर मुलांच्या हिश्श्यासाठी तुमची एकटीची सही चालत नाही. कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. वाटणीच करायची झाली तर तुमचं आणि मुलांचं हित आमनेसामने येतं असं कायदा मानतो, आणि मुलांच्या वतीने बोलायला न्यायालय तिसरी व्यक्ती नेमतं. आईवरचा अविश्वास म्हणून हे केलेलं नाही, मुलांच्या रक्षणासाठीच आहे. पण नवरा नुकताच गेलेल्या बाईला परक्या भाषेत हे सगळं करावं लागतं, तेव्हा तिच्यावर काय गुजरत असेल याची कल्पना करा.

एक वाक्य मूल नसलेल्या जोडप्यांसाठी, कारण तेही हे सदर वाचतात: मूल नसेल तरी जर्मनीत सगळं जोडीदाराला जात नाही. गेलेल्या व्यक्तीचे आईवडील हिस्सेदार होतात.

कोथरूडचा फ्लॅट

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गाचे वारस समान वाटेकरी होतात: बायको, मुलगे, मुली आणि आई. तुमच्या बाबतीत चार जण आणि प्रत्येकाला पाव. इथेही मुलं अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेली, तेव्हा त्यांचा हिस्सा विकायचा तर १९५६ च्याच अज्ञान पालकत्व कायद्याप्रमाणे न्यायालयाची परवानगी हवी. (तुम्ही हिंदू आहात असं पत्रावरून धरलं आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो, आणि त्यात इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही.)

आता नॉमिनी. दिरांचं नाव सोसायटीत आहे म्हणून फ्लॅट त्यांचा होत नाही. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढंच नॉमिनी सांगतो. खरे वारस येईपर्यंत तो विश्वस्तासारखा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. तरीही नॉमिनी एक आणि वारस दुसरेच, अशी रचना ठेवू नये. दीर कितीही सज्जन असले तरी त्यांना विनाकारण संशयाच्या जागी का बसवायचं? नॉमिनेशन बदलून तुमचं नाव घालायला लावा.

कुलमुखत्यारपत्राबद्दल यजमानांना ठामपणे सांगा: ते देणारा गेला की भारतीय कायद्यात मुखत्यारपत्रही संपतं. ज्या दिवसासाठी त्यांनी ते करून ठेवलंय असं त्यांना वाटतं, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. त्यानंतर दिरांनी त्याच्या आधारे सही केली तर तो व्यवहारही अडचणीत येईल आणि दीरही. पुढे गरज पडली तर तुम्ही स्वतः नवं मुखत्यारपत्र द्यायचं. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून पाठवलंत तर भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, हे लक्षात असू द्या.

शेतीचं फार लांबवत नाही. सातबारा काढून आज नावं कुणाची आहेत ते पाहा. सासरे गेल्यानंतर वारस नोंद झाली आहे की नाही, तेही पाहा. वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा यजमान मृत्युपत्राने देऊ शकतात. तो कुणाला द्यायचा हे त्यांनी भावाशी बोलून ठरवावं. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नसली तरी वारशाने मिळू शकते, तेव्हा त्या कारणाने घाबरू नका.

सासूबाई

आता ज्यासाठी सगळ्यात जास्त जीव तुटतो, ते.

जर्मन कायद्यात मुलं असली की आईवडिलांना वारसा मिळत नाही. जर्मनीतली बचत, खात्यातले पैसे, फंड, घराचा हिस्सा, यातला एक युरोही सासूबाईंना मिळणार नाही. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी जवळच्या वारसाला मागता येतो तो सक्तीचा हिस्सा; मुलं हयात असताना आईला तोही नसतो. तुमच्या यजमानांची इतक्या वर्षांची कमाई बहुतेक इथेच आहे. म्हणजे ज्या आईच्या खात्यात मुलगा दरमहा भाडं जमा होऊ देतो, तिची कायद्याच्या लेखी जर्मनीत काहीही व्यवस्था नाही. कोथरूडला पाव हिस्सा मिळेल, पण अज्ञान नातवंडांबरोबर सामाईक. न्यायालयाच्या परवानगीत अडकलेल्या पाव फ्लॅटचा सत्तरी ओलांडलेल्या बाईला काय उपयोग? तिला भाड्याचे पैसे वेळेवर हवेत, औषधपाण्याला हवेत.

म्हणून यजमानांशी बोलताना ‘माझ्या नावावर करा’ असं सुरू करू नका. ‘आईंसाठी तुम्ही काय लिहून ठेवलंय?’ असं विचारा. ही युक्ती म्हणून सांगत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला आज उत्तर नाही. ‘सगळं तुझंच’ म्हणणारा मुलगा या प्रश्नाला तसं म्हणू शकणार नाही.

माझ्या मते फ्लॅटची सगळ्यात चांगली व्यवस्था अशी: मालकी तुम्हाला, आणि सासूबाईंना हयातभर भाडं घेण्याचा किंवा तिथे राहण्याचा हक्क. भारतीय मृत्युपत्रात असं स्वच्छ लिहिता येतं. तुम्हाला चार मालकांचं त्रांगडं नको, त्यांना मालकी नको पण आधार हवा; दोन्ही जमतं. सुट्टीत साताऱ्याला गेलात की यजमानांनी स्वतः आईला हे सांगावं, तुम्ही समोर बसलेल्या असताना. सुनेकडून कळलेली गोष्ट आणि मुलाने तोंडाने सांगितलेली गोष्ट, यांत आपल्या घरांत फार फरक पडतो.

लिहायचं कसं

जर्मनीत मृत्युपत्र करायला नोटारकडे, म्हणजे असे दस्त अधिकृतपणे करून देणाऱ्या कायदेतज्ज्ञाकडे, जायलाच हवं असं नाही. पण एक अट कडक आहे: घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेलं हवं आणि खाली सही हवी. तारीख आणि गावही घालावं. संगणकावर छापून खाली सही केलेलं मृत्युपत्र जर्मन पद्धतीने ग्राह्य धरत नाहीत. आपली माणसं इथेच फसतात, कारण भारतात टंकलेला मसुदा आणि दोन साक्षीदार ही रीत. भाषा मात्र कोणतीही चालते. यजमानांनी मराठीत लिहिलं तरी ते वैध आहे. पण न्यायालय भाषांतर मागणार आणि वेळ जाणार, म्हणून जर्मन किंवा इंग्रजीत लिहिलेलं बरं.

मजकूर लांबलचक नको. ‘माझी पत्नी ही माझी एकमेव वारस. ती माझ्या आधी गेली तर आमची दोन मुलं समान हिश्श्याने. भारतातल्या स्थावर मालमत्तेची व्यवस्था मी वेगळ्या मृत्युपत्रात केली आहे.’ नावं, जन्मतारखा, सही. आईसाठी इथल्या बचतीतून ठराविक रक्कम द्यायची असेल तर तीही एका वाक्यात. तुम्ही एकमेव वारस झालात की जमीन नोंदणीत फक्त तुमचं नाव लागतं. मुलांना तेव्हा पैशातला सक्तीचा हिस्सा मागता येतो, त्यांच्या कायदेशीर हिश्श्याच्या निम्म्या किमतीइतका. पण तो पैशांचा दावा आहे, घराची मालकी नाही. घर विकायचं की ठेवायचं हे तुमच्या हातात राहतं.

लिहून झालं की गावातल्या आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे स्थानिक न्यायालयात, ते ठेवून द्या. फी फार नसते, आणि देशभरच्या मृत्युपत्रांच्या नोंदवहीत नोंद होते, त्यामुळे ते हरवण्याची किंवा कुणाला न सापडण्याची भीती राहत नाही. सवडीने नोटारकडेही जाच. नोटारने केलेलं मृत्युपत्र असलं की घर नावावर करताना वेगळा वारस दाखला, इथे त्याला एर्बशाइन म्हणतात, सहसा काढावा लागत नाही. त्याच भेटीत वैवाहिक मालमत्तेला जर्मन कायदा लागू करून घेण्याचा करारही करता येईल. वर म्हटलेला वाढीव पाव भागाचा घोळ त्याने मिटतो. पण नोटारची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, हाताने लिहिलेला कागद या आठवड्यातच होऊ द्या.

नवरा-बायकोने मिळून एकच मृत्युपत्र करायची पद्धत इथे फार लोकप्रिय आहे. आधी जोडीदाराला, मग मुलांना. एकाने लिहायचं, दोघांनी सही करायची. तुम्हाला मी ती सुचवणार नाही. एक जण गेला की दुसऱ्याला त्यातल्या परस्परांवर अवलंबून असलेल्या तरतुदी सहसा बदलता येत नाहीत. तुमचं पुढचं आयुष्य स्टुटगार्टला जाईल की पुण्याला, मुलांपैकी कुणाला जास्त मदत लागेल, हे आज कुणाला सांगता येतंय? दोन वेगवेगळे कागद करा.

भारतासाठी दुसरं मृत्युपत्र, फक्त भारतातल्या मालमत्तेपुरतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार मालमत्तेतले लाभार्थी नसावेत, आणि शक्यतो यजमानांपेक्षा वयाने लहान व पुण्यातच राहणारे असावेत, म्हणजे पुढे उभे करता येतात. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं बरं.

इथे एका वाक्यापासून सांभाळा. पुण्यातले वकील सवयीने मसुद्यात घालतात, ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.’ त्या एका ओळीने स्टुटगार्टचं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं. त्याऐवजी ‘भारतातील मालमत्तेसंबंधीची यापूर्वीची मृत्युपत्रे’ असं लिहून घ्या, आणि जर्मनीतलं मृत्युपत्र कायम आहे असा स्पष्ट उल्लेख करा.

कुणी तुम्हाला सांगेल की तुम्ही भारतीय आहात, तेव्हा मृत्युपत्रात ‘भारतीय कायदा लागू’ असं लिहा. युरोपीय नियमात तशी निवड खरंच करता येते. ज्याच्या हाती ज्या देशाचं नागरिकत्व, त्या देशाचा कायदा. भारतीय नागरिक असताना केलेली निवड पुढे जर्मन पासपोर्ट घेतला तरी टिकते. मात्र आधी जर्मन झालात आणि हाती फक्त ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) उरलं, तर ती निवड करता येत नाही, कारण ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. शिवाय ही निवड संपूर्ण वारशाला लागते, हवी तेवढ्या मालमत्तेपुरती नाही. तुमच्या घरासाठी मला ती योग्य वाटत नाही. जर्मन न्यायाधीशाला हिंदू कायदा काय म्हणतो हे तज्ज्ञाकडून मागवावं लागेल, त्यात महिने जातील. शिवाय २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने इंग्लंडचा कायदा निवडलेल्या एका प्रकरणात असा निकाल दिला की माणसाचं आयुष्य जर्मनीशी घट्ट जोडलेलं असेल, तर परदेशी कायदा निवडून मुलाचा सक्तीचा हिस्सा पुसता येत नाही. मग त्या खटाटोपाचा फायदा तरी किती? दोन-तीन वर्षांत कायमचं पुण्याला परतायचं पक्कं असेल, तरच या वाटेचा विचार वकिलाबरोबर करा.

मुलांचं पालकत्व

तुमच्या पत्रात हा विषय नाही, आणि मला तो घरापेक्षा मोठा वाटतो. दोघांनाही काही झालं तर मुलं कुणाकडे? अशा वेळी इथे युवक कल्याण कार्यालय आणि कौटुंबिक न्यायालय निर्णय घेतात. मावशी नाशिकला आहे की आजी साताऱ्याला, हे त्यांना कोण सांगणार? आईवडिलांनी मृत्युपत्रात पालक सुचवला असेल, तर मुलाच्या हिताला बाधा नसल्यास न्यायालयाने तो मानायचा असतो. एक नाव जर्मनीतलं लिहा, जिच्याकडे मुलं त्याच रात्री जाऊ शकतील, आणि एक नाव कायमच्या पालकत्वासाठी. दोघांना आधी विचारा. तुम्ही आणि यजमान, दोघांच्याही मृत्युपत्रात तीच नावं येऊ द्या.

राहिलेल्या काही गोष्टी

कर्जसुद्धा वारशात येतं. वारसा नाकारायचा असेल तर जर्मनीत सहा आठवड्यांची मुदत. वारस परदेशात असेल तर सहा महिन्यांची. घराच्या कर्जाला विम्याचं संरक्षण आहे का, ते आजच पाहून ठेवा.

भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली, पण जर्मनी वारसा कर घेते आणि इथल्या रहिवाशाच्या बाबतीत जगभरच्या मालमत्तेवर घेते, कोथरूडच्या फ्लॅटसकट. बायकोला पाच लाख युरोपर्यंत सूट आहे, प्रत्येक मुलाला चार लाख, आईला एक लाख. राहतं घर पत्नीने पुढे दहा वर्षं स्वतः वापरलं तर त्यावर कर लागत नाही. त्यामुळे बहुधा तुम्हाला काही भरावं लागणार नाही. तरी वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन महिन्यांत कर कार्यालयाला कळवायचं असतं. पुढे फ्लॅट विकलात तर ते पैसे एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) दर आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत इकडे आणता येतात.

अँजिओप्लास्टी झाली आहे म्हणून हेही: २०२३ पासून जर्मनीत जोडीदार शुद्धीवर नसेल तर वैद्यकीय निर्णय घ्यायचा अधिकार पती-पत्नीला आपोआप मिळतो, पण फक्त सहा महिने, आणि बँकेचे व्यवहार त्यात येत नाहीत. म्हणून एकमेकांना जर्मन पद्धतीचं मुखत्यारपत्र द्या. त्यात ‘मृत्यूनंतरही लागू’ असं लिहिता येतं; भारतातल्यापेक्षा इथली सोय ही वेगळी. बँकेत बँकेच्याच अर्जावर एकमेकांना अधिकार द्या.

नावांचे कागद एकदा समोर पसरून बघा. लग्नात तुमचं पहिलं नाव बदललं होतं का? पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं आहे की नवऱ्याचं? मुलांच्या जर्मन जन्मदाखल्यावर तुमचं नाव जसं आहे, तसंच विवाह दाखल्यावर आहे का? आपलं मधलं नाव हे नवऱ्याचं किंवा वडिलांचं असतं हे इथल्या कचेऱ्यांना ठाऊक नसतं. ते त्याला दुसरं नाव समजतात, आणि कागदोपत्री एकाच बाईच्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. हे दुरुस्त करायला यजमान सोबत असताना एखादा महिना लागतो. ते नसताना तेच काम वर्षभर खेचतं.

विषय काढायचा कसा

पहिलं मृत्युपत्र तुम्ही स्वतःचं लिहा. तुमचाही अर्धा हिस्सा या घरात आहे, पगाराची बचत आहे, दागिने आहेत. आणि तुम्हाला कदाचित माहीत नसेल: हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची भारतातली मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांना. ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांच्यासाठी काही ठेवायचं असेल, तर ते तुम्हालाच लिहावं लागेल.

मुलं झोपल्यावर तो कागद यजमानांसमोर ठेवा आणि म्हणा, ‘मी माझं लिहिलंय. वाचून बघा, काही राहिलं असेल तर सांगा.’ आजारपणाचा उल्लेखही करू नका. बायकोने आधी स्वतःचं लिहिलेलं असताना तिच्यावर इस्टेटीवर डोळा असल्याचा आरोप करायला कुणाला जागा उरत नाही, आणि ‘अशुभ’ म्हणून टाळणाऱ्या नवऱ्याला समोर एक पूर्ण झालेला नमुना दिसतो. मग आईंचा प्रश्न विचारा. त्याच बैठकीत त्यांनी पेन हातात घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर आठ दिवसांनी पुन्हा विचारा, न रागावता, पण विचाराच.

सासूबाईंना सांगताना लपवाछपवी नको. भाडं तुमच्याकडेच येत राहील, आणि तसं लिहून ठेवलंय, एवढं वाक्य त्यांच्यासाठी पुरे. दिरांनाही त्याच वेळी सांगा की नॉमिनी बदलतोय, आणि का बदलतोय. कोथरूडचं मृत्युपत्र कुठे ठेवलंय हे त्यांना माहीत असायला हवं, कारण तुम्ही विमानात बसेपर्यंत तिथे हाकेला धावणारे तेच आहेत.